वरचे साडेसत्त्याण्णव मीटर

सोहारचा किनारा, पहाटेचे सव्वाचार.
हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर.
बुटाची नाडी आवळताना
डावा गुडघा विचारतो, आज किती?
मी म्हणते, बघू.
पूर्वी मी त्याला आकडा सांगायचे.

पूर्वी म्हणजे मस्कतला,
जेव्हा मनगटावर घड्याळ होतं
आणि घड्याळात मी.
किलोमीटरला सहा मिनिटं दहा सेकंद.
वरचे दहा सेकंद
दातात अडकलेल्या सुपारीसारखे सलायचे.
ते काढता काढता
नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली.
डॉक्टर हबीबांनी फिल्म उजेडाला धरली,
म्हणाल्या, हे बरेच दिवस बोलत होतं,
तू ऐकलं नाहीस.

पुढच्या वर्षी पाय बरा, तर नोकरी गेली.
तीस दिवसांत घर विकून झालं,
फ्रिज, गादी, मिक्सर, कुंडीतली तुळससुद्धा
शेजारच्या गुजराती बाईंनी नेली.
बूट कुणी घेतले नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी इथं फार्मसीत लागले,
सुट्टीला देवरुखला गेले
आणि चिकनगुनिया घेऊन परतले.
बोटं अशी आखडली
की औषधं विकणाऱ्या बाईला
गोळ्यांची पट्टी फोडता येईना.

एप्रिलात पुन्हा निघाले
ते फक्त मासळी बाजारापर्यंत. चालत.
येताना हातात पिशवी, पिशवीत तारल्या.
याला सराव म्हणतात का?
मांजरं मात्र दोन किलोमीटर मागे आली,
त्यांनी म्हटलं असावं.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते.
त्यांच्या डोक्यावर लाल अक्षरांत
मनाचा ब्रेक उत्तम ब्रेक.
मला वाटायचं, ही ताकीद आहे.
मग एकदा मे महिन्यात, कोल्हापूरहून येताना,
गाडीत मी आणि पेंगणारे तीन उतारू,
आंबा घाटातल्या एका वळणावर
त्यांनी गाडी बाजूला घेतली,
खाली उतरून रुमालभर करवंदं तोडली
आणि कंडक्टर शेट्येमामांना म्हणाले,
लिहा, ब्रेक गरम झाले होते.

आता माझेही होतात.
कोळी जाळं ओढत असले की होतात,
पाणी आधी राखाडी, मग एकदम तांब्याचं होतं
तेव्हा तर हमखास.
खमीस आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीत
थर्मास घेऊन बसलेले असतात,
हातावर खजूर ठेवतात, म्हणतात, श्वै श्वै.
मी बसते. कावा पिते. दोन कप.
घड्याळ स्वयंपाकघरात पोळ्यांच्या डब्याशेजारी
आपलं आपण पळत असतं.

बिन्सी रात्रपाळी संपवून येते त्या दिवशी
आम्ही मालिकेच्या भागांनी अंतर मोजतो.
ती गोष्ट सांगते,
निम्मी इंग्रजीत, निम्मी हातांनी.
सासू विहिरीत पडेपर्यंत चार किलोमीटर,
ती मुळात सासू नव्हतीच हे कळेपर्यंत नऊ.
गोष्ट सांगताना बिन्सीला धाप लागली
तर वेग जास्त. एवढाच आमचा नियम.
गेल्या शुक्रवारी पंधरा झाले.
सासूचा उलगडा अजून व्हायचाय.

सगळं गोड आहे असं नाही.
ऑगस्टात उलटी झाली, खांबाला धरून.
पायऱ्या उतरताना गुडघा अजून
जुन्या कडीसारखा वाजतो.
आणि कुणी पोरगा सपासप पुढे निघून गेला
की पोटात ते दहा सेकंद
क्षणभर जागे होतात, खोटं कशाला बोलू.

जानेवारीत शर्यत.
एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर.
हे वरचे कुणी, कशासाठी ठेवले, ठाऊक नाही,
भाजीवाली मूठभर कोथिंबीर टाकते तसे.
तेवढे मी चालेन म्हणते,
इकडे तिकडे बघत.

काल अण्णांना फोनवर सांगितलं.
ऐकू कमी येतं, दोनदा सांगितलं.
एकवीस? म्हणजे देवरुख ते साखरपा,
आणि जरासं पुढं, ते म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही,
मला वाटलं फोन कट झाला.
मग म्हणाले,
थांबे किती घेणारेस?